दोर कोणी धरला होता?

ही ऐकीव गोष्ट नाही.

जिच्या बाबतीत घडली ती बाई आजही नगरात, तारकपूरच्या मागं राहते. एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. नाव नॅन्सी. तिनं हे फार थोड्या लोकांना सांगितलंय. आणि सांगताना एकदाही मान वर केली नाही.

भुताच्या गोष्टी अंधाराच्या असतात. ही भर दुपारची आहे. मागच्या मे महिन्यातली. रविवारची.

शिंगणापूरच्या रस्त्याला, वस्ती संपते तिथं पत्र्याचं एक मोठं शेड आहे. कल्याण नावाच्या तरुणानं घरच्या रानात बांधलेलं. आत क्लाइंबिंगची भिंत. प्लायवूडची, चांगली तीन मजली उंच. त्यावर रंगीबेरंगी होल्ड, म्हणजे हातापायांनी पकडायचे उंचवटे. खाली रबरी जमीन, त्यावर गाद्या. हरिश्चंद्रगडाला दर आठवड्याला जायला जमत नाही, ती मंडळी इथं येऊन हातांची खाज भागवून घेतात.

नॅन्सीला ती जागा जीव की प्राण होती. ऊन नाही, काटे नाहीत, मधमाश्या नाहीत. पडलं तरी दोर झेलतो. शाळा, घर, सासूबाईंची औषधं, सगळं डोक्यातून जातं. समोरचा एक होल्ड तेवढा उरतो.

तक्रारीही होत्याच. भाड्याच्या बुटांचा वास. पकडीसाठी हातांना लावायच्या चॉक पावडरचा धुरळा, घरी जाईपर्यंत नाकात. पत्रा तापला की भट्टी. होल्ड हाताळून हाताळून गुळगुळीत झालेले, आणि एखादा ढिला झाला की हातातच फिरायचा.

तिची मैत्रीण सत्यशीला सोनईहून यायची. तिथं बँकेत होती. तिची तक्रार वेगळीच. खाली उभे राहून शिकवणारे पुरुष.

"मॅडम, उजवा पाय! अहो उजवा, उजवा!"

"यांना कुणी विचारलंय का गं?" सत्यशीला वरूनच करवादायची.

म्हणून दोघी रविवारी दुपारी यायच्या. त्या वेळेला तिथं काळं कुत्रंही नसायचं.

आता एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल.

चढणाऱ्याच्या कमरेला दोर बांधलेला असतो. तो दोर वर जातो, भिंतीच्या माथ्यावरच्या कडीतून वळतो आणि खाली दुसऱ्याच्या हातात येतो. खालच्याच्या कमरपट्ट्याला एक कडी असते, तिच्यातून तो दोर धरायचा. वरच्याचा पाय निसटला, तर त्याचा जीव खालच्याच्या मुठीत.

सत्यशीलाचा दोर नॅन्सीच धरायची. दुसऱ्या कुणाच्या दोरावर ती चढायचीच नाही. नवऱ्यानं भर संसारात सोडून दिलेली बाई. माणसांवर विश्वास टाकणं तिनं बंद केलं होतं. एक नॅन्सी सोडून.

नॅन्सीलाही त्याचा अभिमान होता. नव्यांना शिकवताना ती म्हणायची, "भूकंप होऊ दे, आग लागू दे. दोर सुटता कामा नये."

त्या दिवशी कल्याण जेवायला घरी गेला होता. शेडात दोघीच.

सत्यशीला भिंतीच्या फुगीर भागाला वळसा घालून पलीकडे गेली. नॅन्सीला आता ती दिसत नव्हती. फक्त दोर हलताना दिसत होता.

आणि वीज गेली.

पंखे घरघरत थांबले. शेडात करडा उजेड उरला.

"गेली का गं?" वरून आवाज आला.

"हो. तू चढ. मी आहे."

मी आहे. हे शब्द नॅन्सीला पुढं फार छळणार होते.

थोडा वेळ काहीच झालं नाही. तापलेला पत्रा तडतडत होता तेवढाच.

मग वास आला...

फटाक्यांचा. मे महिन्यात. फटाके उडून गेल्यावर गल्लीत जो उरतो ना, तसा जळका, घशाला झोंबणारा.

वायर जळाली असेल, नॅन्सीच्या मनात आलं. तिनं इकडंतिकडं पाहिलं. धूर नव्हता.

मग आवाज आला...

आधी तिला वाटलं, सत्यशीला काहीतरी म्हणतेय.

"काय गं?"

"कुठं काय? मी गप आहे."

पुन्हा आला. वरून नाही. बाजूनं नाही.

पायाखालून.

"वढ..."

खोल. फार खोलवरून, दगडांना आपटत आल्यासारखा. पुरुषाचा आवाज.

"वढ... वढ रं..."

नॅन्सीनं खाली पाहिलं. रबरी जमीन. तिचे बूट. गादीवर पडलेला दोराचा शेपटा.

तो शेपटा हलला...

कुणीतरी अलगद उचलावा, तसा.

"वढ रं... पेटली... वढ!"

आता पुढचं नीट ऐका. नॅन्सी स्वतः हेच सांगताना अडखळते.

दोर तिच्या हातातून सुटला नाही. तिनं सोडला.

दोर कमरेच्या कडीत अडकलेला होता. नुसतं पळता आलं नसतं. कडीला फिरकीचं कुलूप असतं. तिनं ते फिरवलं. कडी उघडली. कमरपट्ट्यातून काढली. एवढं सगळं तिनं केलं. वर सत्यशीला आहे, हे ठाऊक असताना केलं.

आणि ती दाराबाहेर पळाली.

बाहेर रणरणतं ऊन. रस्त्यावरून शिंगणापूरला निघालेली जीप गेली. आतली पोरं गाणी म्हणत होती.

नॅन्सी लिंबाच्या झाडाला धरून उभी राहिली. तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं, आपण काय केलं ते.

आत जायला हवं होतं. नुसती हाक मारली असती, "सत्या, भिंतीला धरून थांब", तरी चाललं असतं.

तिनं हाक मारली नाही. झाड सोडलं नाही.

आणि आतून सत्यशीलाची किंकाळी आली.

नॅन्सीनं डोळे मिटले. ती वाट पाहत राहिली... वरून देह पडल्याचा धप्पकन आवाज येण्याची.

आत गेली नाही. उभी राहून वाट पाहत राहिली.

आवाज आला नाही.

बराच वेळ काहीच आलं नाही. मग दोर कडीतून सरकतो तसा बारीक आवाज. सावकाश. एका लयीत.

सर्र... सर्र... सर्र...

थोड्या वेळानं सत्यशीला दारात आली. घामानं निथळत, पण हसत.

"अगं, होल्ड हातातच फिरला! मी गेलेच होते. कसलं धरलंस गं! आणि उतरवलंस किती हळू, लेकराला पाळण्यात ठेवावं तसं."

सत्यशीलानं पाण्याची बाटली उघडली.

"लगेच बाहेर का पळालीस? मळमळतंय का? मी दोराची गाठ सोडून वर बघते, तर तू गायब. आणि बूट कधी काढलेस तू? अनवाणी उभी होतीस ना, पाठमोरी?"

नॅन्सीनं स्वतःच्या पायांकडं पाहिलं. बूट पायातच होते. सत्यशीलाचं तिकडं लक्ष नव्हतं. ती बाटलीतलं पाणी तोंडावर मारून घेत होती.

"ऊन... उन्हानं जरा," नॅन्सी म्हणाली.

बस्स. एवढंच म्हणाली. खरं सांगायची वेळ होती ती, आणि तिनं ती जाऊ दिली.

सत्यशीलाचं सामान आणायच्या निमित्तानं ती दारातून आत गेली. वीज आली होती. पंखे फिरत होते. तिची कडी जमिनीवर पडलेली, दोर तिच्यातून निघालेला.

म्हणजे ज्यानं धरला, त्यानं कडीशिवाय धरला होता. उघड्या हातांनी.

दोर जिथं हातात धरायचा, तिथं लाल डाग होते. बोटांचे. ओले.

मुरमाची माती असेल. तिनं वाकून पाहिलं नाही.

त्यानंतर जे सुरू झालं, ते तिला त्या आवाजापेक्षा जड गेलं.

सत्यशीलानं सगळ्यांना सांगितलं. ग्रुपवर टाकलं, "आज नॅन्सीमुळे मी आहे." खाली हात जोडलेले, टाळ्या, फुलं. कल्याणनं नव्या पोरापोरींसमोर तिला उभं केलं. "दोर धरावा तर नॅन्सी मॅडमनी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. नॅन्सी हसली. काय करणार?

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर तिचं कौतुक केलं. मुली कौतुकानं बघत होत्या. तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट तिच्यापर्यंत आलं. मन साफ नसताना ती भाकरी घ्यायची नसते; तिनं न घेताच ताट पुढं सरकवलं. शेजारी बसलेल्या नवऱ्यानं, जोएलनं, चमकून पाहिलं.

"बरं नाही का?"

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तिचं तिलाच कळलं नाही.

शेवटी ती कल्याणकडं गेली. भर सकाळी, माणसं असताना. आडवळणानं विचारलं, "या शेडाच्या जागी आधी काय होतं रे?"

कल्याण दोर गुंडाळत होता. त्याचा हात थांबला.

"कुनी काय बोललं का, मॅडम?"

"सहज विचारते."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. "हीर हुती. आज्याच्या टायमाची. बुजवून मग शेड टाकलं. कुनाला सांगू नका, लोक उगं भ्यायचे."

"विहीर? का बुजवली? पाणी नव्हतं?"

"पानी लागलंच न्हाई." त्यानं दोर खाली ठेवला. "खोदताना मानूस गेला. खाली सुरुंग लावायचे ना तवा. वात पेटवली की वरच्यानं दोर वढून खालच्याला बाहेर काढायचा. बिभीषण म्हनून गडी खाली उतरला हुता. वात पेटली... आन् वरचा भ्याला. दोर टाकून पळाला."



"तो... पळालेला?"

"त्याचं काय? परत कवाच गावात दिसला न्हाई. त्याचं नाव बी घरात कुनी घेत न्हाई. आजा म्हनायचा, मरनारा एकदाच मेला, पळनारा रोज मरत आसल."

नॅन्सी तिथून तडक बसनं सोनईला गेली.

सत्यशीला एकटीच होती. सुट्टीचा दिवस. तिनं पाणी आणून दिलं. नॅन्सीनं तांब्या तसाच ठेवला आणि सगळं सांगितलं. वास, आवाज, हललेला दोर. कडीचं कुलूप कसं फिरवलं. लिंबाखाली कशी उभी राहिली. किंकाळी ऐकूनही आत कशी गेली नाही.

"मी तुझ्या पडण्याची वाट पाहत होते, सत्या," ती म्हणाली. "मी दोर धरला नव्हता."

सत्यशीला रडेल, ओरडेल, घराबाहेर काढेल, असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

सत्यशीला नुसती बसून राहिली. चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.



"मी खाली टेकले ना... तेव्हा पाठमोरं जे उभं होतं, त्याला म्हटलं होतं, थँक्यू गं."

"मग?"

"मला वाटलं, तू मस्करी करतेयस. आवाज घोगरा काढून, खेड्यातल्या माणसासारखा."

"काय... काय म्हणालं ते?"

सत्यशीलानं तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. नॅन्सीला ती नजर आजही सोसत नाही.

"म्हणालं... 'या खेपंला न्हाई सोडला.'"

नॅन्सी संध्याकाळच्या बसनं परत आली.

ते शेड अजून आहे. पोरं चढतात, पडतात, हसतात. बुटांच्या वासाला नावं ठेवतात. कुणाला काही दिसलेलं नाही, काही ऐकू आलेलं नाही. नॅन्सी पुन्हा तिकडं फिरकली नाही. शाळेत रस्सीखेच घ्यायची वेळ आली, तरी ती दुसऱ्या सरांना पाठवते.

सत्यशीला मात्र अजून जाते. रविवारीच. दुपारीच. कल्याण जेवायला जातो तेव्हाच.

एकटी जाते, असं कल्याण सांगतो.

तिचा दोर कोण धरतं, हे विचारायचं तोंड नॅन्सीला उरलेलं नाही.