मंजुळेच्या विहिरीतला मठ्ठा

पाथर्डीचा वारा नट्यांची नाकं फाडतो असं सांगितलं, तर तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्यानं सुरू केली थाप. म्हणा बापडे. पण एका माघात त्या वाऱ्यानं एका नटीचं नाक मधोमध फाडलं आणि ते शिवून घ्यायला एक तरणाबांड गडी पुंजाराम ताडपत्रीवाल्याच्या दुकानात आला, हे शपथेवर खरं.

पुंजाराम बाहेर गेला होता. मशीनवर त्याची लेक सुकन्या बसली होती. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, तोडकऱ्यांच्या कोप्यांच्या, म्हणजे झोपड्यांच्या, ताडपत्र्या दिवाळीआधीच शिवून झालेल्या, त्यामुळे दुकानात ती, मशीन आणि माश्या. तेवढ्यात दारात उजेड अडला. खांद्यावर पांढऱ्या कापडाची भलीमोठी गुंडाळी घेऊन तो उभा होता.

"शिवायचंय," तो म्हणाला. "पर टाका दिसता कामा नये."

"हे काय हाय? पांढरी ताडपत्री?"

"पडदा हाय, शिनेमाचा. काष्टीकरांचा तंबू म्हंत्यात, त्यो आमचाच. नाकावर फाटलाय."

"कुनाच्या नाकावर?"

"जी पडद्यावर येईल तिच्या. कालपासनं सगळ्या नट्या फाटक्या नाकानं रडायल्यात."

सुकन्या हसली... आणि हसताना तिनं वर पाहिलं, इथंच सगळं चुकलं. त्याच्या केसांत धूळ होती, आणि पडदा त्यानं असा धरला होता, जसं काही झोपलेलं पोर.

शिवण तर घटकाभराचं काम. ते संपलं की हा गडी जाणार, पुन्हा दिसणार कशाला? तिनं दाभणात दोरा ओवायला मुद्दाम उशीर लावला.

"कोन्ता पिक्चर लावलाय?"

"टँकरवाली मंजुळा. जुना हाय, पर आपल्याच भागात शूटिंग झालेलं. पब्लिक अजून येतं."

"मी पाहिलंय की ते शूटिंग," सुकन्या म्हणाली.

झालं. निघून गेलं तोंडातून. आता मागं घ्यायचं तर कसं?

"खरं?" त्याचे डोळे एवढे झाले. "मंग सांगा की काहीतरी... आतलं."

आतलं! आता आतलं आणायचं कुठून? तिनं दोरा दातानं तोडला, दोन टाके घातले, आणि तोंडाला आलं ते सांगितलं, "इंटरव्हलच्या आधी मंजुळा टँकरनं विहीर भरती न्हवं का, ते पानी न्हाई. मठ्ठा हाय."

"मठ्ठा?"

"दुष्काळ हुता. पिच्चरसाठी पानी कोन ओतू दील? आमच्या गावातल्या रामहरीचं लग्न झालेलं आदल्या दिशी, मठ्ठ्याचे बॅरल उरले हुते. घातले टँकरमधी. नीट बघा, पांढरट दिसतंय."

तो हसला नाही. दाराच्या चौकटीला टेकून विचारात पडला, आणि मग हळूच म्हणाला, "मला वाटायचंच... पान्याला एवढा फेस येत न्हाई." जाताना पायरीवर अडखळला. "मी कल्यान," तो म्हणाला, कुणी विचारलं नसताना.

चार दिवसांनी पडदा पुन्हा फाटला. मग पुन्हा. कधी खालून, कधी कडेला. दर वेळी सुकन्या फाटलेल्या कडेवरून बोट फिरवायची, त्याच्याकडं एकदा बघायची, आणि काही न बोलता दाभण उचलायची.

आणि मग गप्पा. कल्याणनं सांगावं, पडद्यावरचा पाऊस टँकरचा असतो, घोड्याच्या टापा म्हणजे नारळाच्या करवंट्या, आणि हाणामारीत हाडं मोडतात तो आवाज भाजीच्या दांड्यांचा. त्याला शेवटच्या पाटीपर्यंतची सगळी नावं वाचायला आवडायची. तंबूतलं पब्लिक चपला शोधत असायचं आणि हा एकटा उभा राहून कुणी दिवे धरले, कुणी चहा दिला ते वाचायचा. सुकन्याला रडके पिक्चर आवडायचे, पण शेवट गोड लागायचा.

"मंग रडायचं कशाला?"

"गोड लागावा म्हनून."

तिच्याकडच्या आतल्या गोष्टी मात्र सगळ्या मनातल्या. मंजुळेचा नवरा झालेला नट टँकरला भ्यायचा, म्हणून स्टेअरिंगवर त्याचा नुसता हात आणि पाय दुसऱ्याचे. सासूच्या नाकातली नथ बाभळीच्या काट्यानं अडकवलेली. एक खपली की दुसरी. रात्री मात्र तिला घाम फुटायचा. कल्याण ते सगळं खेळाआधी भोंग्यावरून सांगतो, हे तिला कळलं तेव्हा तर मशीनची सुई तिच्या बोटात गेली.

"अहो, भोंग्यावर कशाला?"

"लोकं तेवढ्यासाठी येत्यात आता! आन् भोंग्यावर आमी खोटं सांगत न्हाई, समद्यांना म्हाईत हाय." तो एकदम गंभीर झाला. "बाबांनी एकदाच सांगितलं हुतं. नटी सोता येनार म्हनून. नटी आली न्हाई. पब्लिकनं तंबूच्या चिंध्या केल्या. तवापासनं बाबांचा नियम, भोंग्यावर थाप न्हाई. बाबा गेले, नियम हाय."

सुकन्या खाली मान घालून शिवत राहिली. टाका वाकडा गेला. उसवला. पुन्हा वाकडा गेला.

पुढं मढीची यात्रा आली. कानिफनाथांच्या गडाखाली पाळणे लागले, रेवड्यांचे ढीग लागले आणि काष्टीकरांचा तंबू उभा राहिला. यात्रेतल्या पहिल्या खेळाआधी पडद्यासमोर नारळ फुटतो आणि फोडणाऱ्यानं दोन शब्द बोलायचे, ही तंबूची रीत. आदल्या दिवशी कल्याण दुकानात आला तो नाचतच.

"वळखा, नारळ कोन फोडनार! पुष्पावतीबाई. मंजुळेची सासू झालेल्या. भिंगारला राहत्यात, मी जाऊन आलो. मठ्ठ्याची गोष्ट त्या सोत्ता सांगनार!"

सुकन्याच्या हातातून कातर पडली.

त्या रात्री ती जेवली नाही. आईनं कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. असता तर बरं झालं असतं, यात्रेला न जायला कारण मिळालं असतं. पण दुसऱ्या दिवशी दुपार कलताना तंबूवरून निरोप आला की पडदा फाटलाय, खेळ जवळ आलाय, दाभण घेऊन या. पुंजाराम म्हणाला, "जा गं सुकने. मी हाय दुकानात."

ती गेली. स्टुलावर चढली आणि फाटलेली कड हातात घेतली. या वेळी कड वेडीवाकडी होती, दोरे लोंबत होते. वाराच होता हा. पडद्याच्या मागच्या अंगाला ती टाके घालत होती आणि पुढच्या अंगाला गर्दी बसत होती... खोकले, शेंगांची टरफलं, पोरांची रडारड. टाके संपले, तरी ती खाली उतरली नाही.

पुढं नारळ फुटला. टाळ्या पडल्या. भोंगा खरखरला.

"बाई," कल्याणचा आवाज आला, "ती विहिरीची गोष्ट सांगा की पब्लिकला."

सुकन्यानं डोळे मिटले. आता बाई म्हणणार, कसला मठ्ठा? मग आरडाओरडा, मग तंबूच्या चिंध्या. आणि हा माणूस पुढच्या गावाला निघून जाणार, एकदाही मागं न बघता.

"मठ्ठा!" पुष्पावतीबाईंचा आवाज खणखणला. "अगं बया, काय तो मठ्ठा! मिरची एवढी, की टँकरची तोटी उघडली तशी मंजुळेच्या डोळ्यांतनं घळाघळा पानी. त्याच रडन्यावर तिचं नाव झालं. रडली कुटं? झोंबलं तिला!"

तंबू हसून हसून डोलायला लागला. सुकन्या खाली उतरून स्टुलावर बसली. वाचली! पण तिला हायसं काही वाटेना. आता ही थाप पक्की झाली होती. आता तो जन्मभर तिच्यावर भरवसा ठेवणार... खोट्या सुकन्यावर.

दिवे गेले, खेळ सुरू झाला. पडद्याच्या मागून सगळं उलटं दिसत होतं. नावं उलटी, टँकर डावीकडून यायचा तो उजवीकडून. त्या हलत्या उजेडात कल्याण चहाचा पेला घेऊन आला.

"हितंच बसलाव? म्होरं चला की, बाईंशेजारी जागा—"

"मठ्ठा नव्हता," सुकन्या म्हणाली.

तो थांबला.

"मी शूटिंग पाहिलंच न्हाई. मला कांजिन्या निघाल्या हुत्या. समदं गाव गेल्तं, मी खिडकीत बसून रडत हुते. तवापासनं मनातल्या मनात शूटिंग करत आले. नथ खोटी. पाय खोटे. समदं... तुमी परत येत जावं म्हनून."

चहा तसाच त्याच्या हातात. पडद्यावर मंजुळा सासूशी भांडत होती, आणि दोघी उलट्या.

"म्हाईत हाय," कल्याण म्हणाला.

"काय म्हाईत हाय?"

"भिंगारला गेल्तो तवाच. बाई म्हनल्या, पोरा, पानीच हुतं ते. सरकारी टँकरचं. लई वेळ त्यांच्या अंगनात बसलो. मंग म्हनलं, बाई, आमच्याकडं मठ्ठा हाय. तुमी बी मठ्ठाच म्हना."

"आन् तुमच्या बाबांचा नियम?"

"मोडला." त्यानं चहा खाली ठेवला. "सकाळपासनं घास उतरला न्हाई. काल उड्या मारत आलो तुमच्याकडं, ते बी उसनं अवसान."

मग तिच्या ओठांचा कोपरा हलला.

"तुमी बी काही साधे न्हाई. वाऱ्यानं फाटलेलं कापड वाकडं फाटतं. तुमचं पहिल्या दिवशीचं वाकडं हुतं, आजचं वाकडं हाय. मधली समदी पट्टी लावल्यावानी सरळ."

कल्याणचे कान त्या अंधारातसुद्धा लाल दिसले. "नवं ब्लेड हुतं," तो पुटपुटला.

तेवढ्यात पडदा पांढराशुभ्र झाला. टँकरची तोटी उघडली होती. तो उजेड दोघांच्या तोंडावर सांडला आणि पलीकडून सगळा तंबू एका आवाजात ओरडला, "मठ्ठाऽऽ!"

कल्याण ताठ उभा राहिला. "इंटरव्हल झाला. मी जातो. खरं सांगतो भोंग्यावर."

"नगा!" तिनं त्याची बाही धरली. "तंबू फाडतील!"

"फाडू द्या. शिवायला तुमी हाय की." तो दोन पावलं गेला, वळला. "...हाय ना?"

उत्तराला थांबला मात्र नाही. तो गेला.

भोंगा खरखरला. सुकन्यानं दाभण मुठीत आवळलं.

"मायबाप हो... विहिरीत मठ्ठा नव्हता. पानी हुतं. मी भोंग्यावरनं खोटं बोललो, बाईंनाबी बोलायला लावलं. माझ्या बाबांनी असं कधी केलं न्हाई. माफी करा."

शेंगा फोडायचा आवाजसुद्धा थांबला. आता उठतील. आता पहिली दोरी तुटेल...

"ए कल्यान!" मागून कुणीतरी ओरडलं. "गप बस खाली! आमी काय आंधळे हाव का? आत्ताच डोळ्यानं मठ्ठा पाहिला!"

"आवो, खरंच पानी—"

"पानी म्हनं! फेस दिसला न्हाई व्हय?"

आणि गर्दीतून एक गडी मिशा पिळत उभा राहिला. रामहरी. "कोन म्हंतो पानी? माझ्या लग्नातला मठ्ठा हाय त्यो! मी सोत्ता बॅरल उचलून दिलेत! मिरची माझ्या सासरवाडीची!"

टाळ्यांनी कनात हलली. पुष्पावतीबाईंचा आवाज वर आला, "पोराला ऊन लागलंय, पानी पाजा त्याला. न्हाईतर मठ्ठा पाजा!"

कल्याण पडद्यामागं परत आला तो पार गळून. "कोनी ऐकंना," तो म्हणाला. "जीव तोडून खरं सांगतोय, आन् कोनी ऐकंना."

सुकन्या हसायला लागली. एवढ्या दिवसांची धास्ती त्या हसण्यात सुटत गेली, आणि शेवटी डोळ्यांत पाणी आलं. मिरची नसताना.

"हाय," ती म्हणाली.

"काय हाय?"

"मगाशी इचारलं ना तुमी. शिवायला हाय का म्हनून." तिनं दाभण त्याच्या तळहातावर ठेवलं आणि वरून आपला हात ठेवला. "हाय. पर ब्लेड टाकून द्यायचं."

पुंजारामनं आधी खूप आदळआपट केली, तंबूवाल्याला पोरगी देतो का म्हणून. ती कशी निवळली ती गोष्ट मोठी आहे आणि तुमचा चहा गार होतोय. लग्न झालं एवढं खरं. पंगतीत मठ्ठा होता. रामहरी दोन पेले प्यायला, मिशा पुसल्या, आणि शेजारच्याला म्हणाला,

"चव तीच. विहिरीतली."