इंजिन बंद करून मारायची हाक

वीरण्णा ही गोष्ट सांगायच्या आधी समोरच्या पोरांना मोटारसायकली बंद करायला लावत. "किल्ल्या काढा रे. चालू इंजिनापाशी माणसाचं ऐकू येत न्हाई." मग विडी पेटवत. भूत माना म्हणून त्यांनी कधी कुणाला गळ घातली नाही. माणिकप्पा मेकॅनिक त्यांचा सख्खा मेहुणा, आणि खोटं रचायला त्याला कामातून फुरसत नव्हती, एवढंच सांगत.

लातूर जिल्हा तेव्हा नवानवा झाला होता. ठेक्याच्या टँकरांवरचं उस्मानाबाद खरवडून त्यावर लातूर रंगवलं होतं. जिल्हा बदलला, आभाळ काही बदललं नाही. सलग दुष्काळ. गुरं बाजारला गेली, मागोमाग माणसं.

आखितीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, आदली रात्र. सकाळी पितरांच्या नावानं पाण्याची घागर द्यायची, म्हणून वीरण्णांच्या बहिणीनं, शिवकांतानं, नवऱ्याला कुंभाराकडे पिटाळलं होतं. माणिकप्पा कोरी घागर खांद्यावर घेऊन परतला, तर जळकोटच्या वेशीजवळ त्याच्या गॅरेजपुढे ठेक्यावर पाणी वाहणाऱ्या व्यंकटचा टँकर उभा. इंजिन चालू. व्यंकट खाली, किल्ली हातात.

"तार ओढली तरी चालूच?"

"म्हणून तर आलो, अप्पा. बंदच होईना. डोळ्याला डोळा लागेना. काहीबी कर, पण हिला गप कर. न्हाई तर मी मरतो."

"मरायला तुला लई वेळ लागंल. सरक."

डिझेलचं इंजिन किल्लीनं बंद होत नसतं, पंपाचं डिझेल तोडणाऱ्या तारेनं होतं. माणिकप्पानं तार ओढली. तार शाबूत. पंपावरचा दांडा नीट हलला. इंजिन चालू. त्यानं डिझेलची नळीच सोडली. डिझेल मातीत सांडलं, पंप कोरडा पडला. इंजिन चालू.

"मग आपलंच ऑइल पितंय," तो पुटपुटला. असं होतं कधीकधी. पण ऑइल पिणारं इंजिन पिसाळतं, ओरडतं, निळा धूर ओकतं. हे तर शांत होतं. एका लयीत. ऑइलची पट्टी काढून पाहिली, ऑइल काठोकाठ.

राहिली हवा. त्यानं पोतं भिजवलं, हवा घ्यायच्या तोंडापाशी हात नेला… आणि थांबला. तिथं हवा आत ओढली जात नव्हती. बाहेर येत होती. गार. ओल्या मातीच्या वासाची.

आटलेल्या विहिरीच्या तळाला येतो तो वास.

पोतं त्यानं तरीही ठासलं. इंजिन चालूच राहिलं. फळीवर ठेवलेली कोरी घागर बारीक घुमायला लागली.

माणिकप्पानं हात पुसले. "कवापासून?"

"परवापासून."

"कुठून?"

व्यंकट टाकीकडे बघायला लागला.

"डाक्टरला रोग सांगतात, व्यंकट. कुठून?"

"खालच्या वस्तीच्या विहिरीपासून."

त्या भागात एक रीत होती. विहीर आटली की बाया दोरीनं तळाला उतरत, वाटीनं झरा खरवडत, वाटी-वाटी पाणी गोळा करत. म्हणून टँकरवाल्यानं आधी इंजिन बंद करायचं, कठड्यावरून वाकायचं, हाक मारायची: आत कोण हाय का? उत्तराला वेळ द्यायचा. मगच टँकरचं पाणी विहिरीत सोडायचं. वरच्या आळीत व्यंकट हे सगळं करायचा, वर टोपीही काढायचा. खालच्या बौद्धवाड्यात नाही. बॅटरी मेलेली, इंजिन बंद केलं की धक्का मारून चालू करावं लागे. त्या वस्तीसाठी एवढी मेहनत कोण करतो?

"हाक मारली होती मी," व्यंकट म्हणाला. "आईची आन!"

"इंजिन बंद करून?"

"…न्हाई."

"कोण होती आत?"

"चांगुणा. नंतर कळलं. सगळा टँकर मी तिच्यावर…" त्यानं मान फिरवली. "माझा काय दोष, अप्पा? ती वरडलीच न्हाई. वरडली असती तर ऐकू आलं असतं का न्हाई?"

माणिकप्पा त्याच्याकडे बघत राहिला. चाळीस इंजिनांतला रोग त्यानं कानानं ओळखला होता. हाही ओळखला.

"वर चढ. टाकीचं झाकण उघड. आणि मार हाक."

"इंजिन कुठं बंद हाय?"

"तू मार."

व्यंकट चढला. झाकण उघडलं. वाकला.

"आत… कोण हाय का?"

इंजिन बंद पडलं.

जागच्या जागी. घागर गप्प. रातकिडेही गप्प.

मग रिकाम्या टाकीतून, फार खोलातून… जेवढी खोल टाकी नव्हतीच, तेवढ्या खोलातून…

"हाय की, दादा. थांबा. पाणी सोडू नका."

माणिकप्पाच्या हातातला पाना पडला. तो उचलायला वाकला, एवढंच. तेवढ्यात इंजिन धडाडलं. या वेळी पिसाळल्यासारखं. कंदील विझला.

त्यानं काडी ओढली. वर व्यंकट नव्हता.

झाकण बंद होतं.

रात्रभर तो त्या झाकणाशी झटला. पहार लावली, घण मारला. झाकण हललं नाही. दिवस उगवायला इंजिन आपोआप थांबलं, आणि झाकण बोटानं उघडलं.

व्यंकट तळाला होता. तोंड उघडं. घसा फाटेपर्यंत ओरडलेल्या माणसाचं असतं तसं. धुरानं गुदमरला, असं डॉक्टरनं लिहिलं.

इथं एखादं पोरगं हमखास विचारी, "पण अण्णा, रातभर तो आतून वरडला असंल. माणिकप्पाला कसं ऐकू आलं न्हाई?"

वीरण्णा विडीची राख झाडत.

"इंजिन चालू होतं ना, बाबा."

मग वीरण्णा उठता उठता सांगत. टँकर अजून वेशीबाहेरच्या बाभळीत गंजत पडलाय. त्याच्या टाकीच्या तळाला लोखंडात खळगा पडलाय, वाटीनं खरवडल्यासारखा, ओंजळीएवढा. त्यात पाणी असतं. फडक्यानं टिपून घ्या, झाकण लावा, सकाळी पुन्हा भरलेला.

त्या दुष्काळात ते पाणी कुणी प्यायलं नाही. चिमण्यासुद्धा नाहीत.