कुणाचाच नसलेला चेहरा

स्वीडनमधल्या लिनशोपिंगच्या विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर मी गावच्या फोटोसंग्रहासाठी शोधाची एक पद्धत रचत होतो. संगणकाला एक चेहरा द्यायचा. त्याच्याशी जुळणारे चेहरे त्याने चार हजार जुन्या फोटोंतून काढून द्यायचे. आकडा जितका लहान, तितकं साम्य जास्त. शून्य म्हणजे तोच चेहरा.

संग्रह सांभाळणाऱ्या इंगेयर्डला तिचा भाऊ सिक्स्टेन हवा होता. एकोणिसाव्या वर्षी तो तळ्यावरचा बर्फ फुटून बुडाला. पुढे घर जळालं, त्याचा एकही फोटो उरला नाही. आता तिची नजर जात चालली होती.

"शोधायला आधी एक फोटो लागतो गं," मी म्हणालो.

"फोटो असता तर तुला रोज कॉफी कशाला पाजली असती, प्रोफेसर?"

सोमवारी मी पद्धत तपासून पाहिली. त्यासाठी संग्रहातले सगळे चेहरे एकमेकांत मिसळून एक सरासरी चेहरा बनवला. असा चेहरा कुणाचाच नसतो, म्हणून काही सापडता कामा नये.

एक फोटो सापडला. आकडा शून्य.

१९५८चा फुटबॉल संघ, मागच्या रांगेत डावीकडून तिसरा मुलगा. चूक माझीच असणार, म्हणून मी लिहिलेली एकेक ओळ पुन्हा वाचू लागलो. तेवढ्यात इंगेयर्ड वेलदोड्याचे पाव घेऊन आली आणि बशी हातात धरून तशीच उभी राहिली.

"सिक्स्टेन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी धीर केला. "हा चेहरा मी बनवलाय, इंगेयर्ड. सगळ्यांचे चेहरे मिसळून."

"माझ्या भावाला मी ओळखणार नाही होय? पाव खा."

त्याच आठवड्यात वृद्धाश्रमाकडून आलेले तीन हजार फोटो संग्रहात गेले. मी सरासरी पुन्हा काढली. चेहरा थकलेला, सुरकुतलेला आला; ते साहजिक होतं.

शोध घेतला. तोच फोटो. शून्य.

मी खाली जाऊन कपाटातला मूळ कागदी फोटो काढला. त्याचा संगणकाशी काहीच संबंध नव्हता.

मागच्या रांगेत पाच पोरं. त्यांच्यात तिसरा, तसलीच जर्सी घातलेला, म्हातारा.

इंगेयर्ड पाठीमागे येऊन उभी होती. तिने भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"हे काय केलंस रे त्याचं," ती हळूच म्हणाली.

ती आतल्या खोलीत गेली आणि एक जड खोका ओढत घेऊन आली. गावच्या शाळेतल्या पहिलीच्या वर्गांचे फोटो होते, साठ वर्षांचे.

"आता हे घाल," ती म्हणाली. "लहान होता ना, तेव्हा माझं बोट सोडायचा नाही तो."