काचेवरची वाफ

दानेश्वरी रविवारी दुपारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत आली ती फक्त दोन काचा धुऊन ठेवायला. खोली तळघरात. खिडकी नाही, भर दुपारी दिवा लावावा लागतो. अ‍ॅसिटोनचा वास भिंतींत मुरलेला.

कॉपर ऑक्साइडच्या पातळ थरावर टायटॅनियमचा थर चढवला, की वरचा धातू खालच्या थरातला ऑक्सिजन ओढून घेतो. हे दोन थर भेटतात तिथं नेमकं काय घडतं, ते शोधण्यात इरमनं आपली उमेदीची वर्षं घातली. कोडोलीची इरम, दानेश्वरीच्या बरोबरीनं संशोधन करणारी, दम्यानं बेजार झालेली. थर चढवण्याआधी काचेवर तोंडाची वाफ सोडून बघतात. वाफ सगळीकडं सारखी धरली, तर काच स्वच्छ. इरम हसत काच पुढं करायची. "तूच सोड गं. माझ्यात दम न्हाय."

गेल्या थंडीत तो दमाच तिला घेऊन गेला. शोधनिबंध तेवढा लिहून झाला होता.

काचा धुऊन होतात तोच दोघींचे मार्गदर्शक अमरसिंह सर यांचा फोन आला.

"निबंध आज पाठवतोय. इरमचं नाव काढतो. तुझं पयलं."

"सर, काम तिचं हाय..."

"मेलेल्या माणसाला नोकरी लागती काय? तुला लागंल की!"

दानेश्वरीला कुरुंदवाडचं घर आठवलं. शिक्षण पुरे, आता स्थळं बघू, असं टुमणं लावलेले वडील आठवले. स्वतःची किळस आली, तरी तोंडातून गेलंच.

"...काढा, सर."

फोन ठेवून तिनं काच उचलली आणि वाफ सोडली. काच कोरडीच. पुन्हा सोडली, अगदी ओठ टेकवून. काहीच धरलं नाही. तिनं तळहात तोंडापुढं धरला. श्वास तर लागत होता, पण गार.

मग कुठूनतरी बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. पंपाचा असेल म्हणून ती बघायला गेली. पंप बंद होता. आवाज ओळखीचा होता... छातीत अडकत अडकत येणारा.

धुऊन टेबलावर ठेवलेल्या दुसऱ्या काचेला तिनं नंतर हातही लावला नव्हता. त्या काचेवर वाफ धरत होती. थोडी धरायची, विरायची... दम खाऊन पुन्हा धरायची.

"इरम...?"

आवाज थांबला. वाफ मात्र धरतच राहिली.

त्या निबंधावर दानेश्वरीला नोकरी लागली. आता तिला सगळे मॅडम म्हणतात. प्रयोगशाळेत ती काच विद्यार्थ्यांपुढं करते, "तूच सोड रे," म्हणते, आणि पोरांना वाटतं मॅडम शिकवताहेत. चष्मा पुसायचा झाला, तर नळाखाली धरते.

थंडीत तिच्या चष्म्यावर वाफ धरते, एकटी असली की. थोडी धरते, विरते, पुन्हा धरते. बाहेरच्या बाजूनं.