तेजपूर नावाचा सर्व्हर

भुताच्या गोष्टी म्हणजे रात्र, पाऊस, सुनसान रस्ता. माझ्या गोष्टीत यातलं काहीच नाही. म्हणूनच ती कुणाला खरी वाटत नाही.

पण खरी आहे. मी स्वतः तिथे होते.

भर दुपार होती, अक्षय्य तृतीयेची. सकाळी मी आईबरोबर बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन दर्शन घेतलं होतं, उसाचा रस घेतला होता. आणि जेवण करून, सुट्टी असूनही, कामावर आले होते. सांगलीबाहेर इस्लामपूर रस्त्याला एका दूध संघाचं ऑफिस आहे. संघाचं नाव सांगणार नाही. त्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सर्व्हर रूममध्ये मी एकटी बसले होते.

माझं नाव स्वप्नाली. आम्ही आष्ट्याचे, जैन. आमच्या घरात भूतबीत कुणी मानत नाही.

मीही मानत नव्हते...

आधी वीरधवल सरांबद्दल सांगते. मी त्यांना कधीच पाहिलं नाही. त्यांच्या जागेवर मला घेतलं होतं.

ते कुंडलचे. सैन्यात सिग्नलमध्ये हवालदार होते. निवृत्त होऊन आले आणि संघात लागले. तेव्हा संघाकडे जुने, कुणीतरी टाकून दिलेले सर्व्हर होते. सरांनी ते दुरुस्त केले. त्यावर लिनक्स टाकलं, सगळी फुकट मिळणारी, खुली सॉफ्टवेअर टाकली. एका लोखंडी सर्व्हरच्या पोटात चार-पाच व्हर्च्युअल सर्व्हर चालवायचे. म्हणजे डोळ्यांना मशीन एकच दिसणार, आत मात्र अनेक. एक दुधाचं वजन घेणार, एक फॅट लावणार, एक टँकरचा हिशोब ठेवणार. गावोगावच्या डेअऱ्यांतून सकाळ-संध्याकाळ जे आकडे यायचे ते सगळे या खोलीत.

त्या मशीनना त्यांनी नावं दिली होती. जिथे जिथे नोकरी केली त्या गावांची. लेह, भूज, जोधपूर, तेजपूर.

एकवीस सालच्या पुरात सर्व्हर रूम तळमजल्यावर होती. पाणी चढायला लागलं तसे सर कुंडलहून ट्रॅक्टरवर बसून आले. एकेक सर्व्हर उचलून जिन्याने वर नेला.

शेवटचा राहिला होता. तेजपूर.

तो आणायला ते परत खाली उतरले. बाहेरची लाईट गेलेली होती, पण यूपीएसच्या बॅटऱ्या चालू होत्या. पाणी बॅटऱ्यांपर्यंत पोचलं, पाण्यात करंट उतरला...

सर तिथेच गेले. काढले तेव्हा सर्व्हर छातीशी धरलेला होता म्हणे.

पूर ओसरला. वर आणलेल्या मशीन लगेच सुरू झाल्या. एवढ्या पुरातही संकलन सावरलं म्हणून संघाला मोठा पुरस्कार मिळाला. तो घ्यायला आमचे व्यवस्थापक राजवर्धन साहेब स्टेजवर गेले. भाषणात वीरधवल सरांचं नाव नव्हतं. त्यांच्या मृत्यूच्या चौकशीत मात्र होतं. सूचना डावलून आत गेला, असं.

मला दिलेलं पहिलं काम काय होतं माहीत आहे?

त्यांचं नाव काढायचं. त्यांचं खातं बंद. गावांची नावं बंद. लेहचं झालं एक नंबर, भूजचं दोन नंबर, त्यांच्या पोटातल्या मशीननाही नुसते नंबर. मी नवीन होते. सांगितलं ते केलं.

तेजपूर तेवढा राहिला. तो पाण्यात मेलाच होता. भंगाराची मंजुरी आली नाही म्हणून रॅकच्या तळाला ठेवून दिलेला. वायर नाही, आत डिस्क नाही. नुसता पत्र्याचा डबा.

त्या अक्षय्य तृतीयेला साहेबांचा हुकूम होता. सगळं एका मोठ्या कंपनीच्या सिस्टीमवर हलवायचं आणि जुन्या मशीन पुसून टाकायच्या. सकाळचं दूध येऊन गेलेलं, संध्याकाळचं यायचं होतं. मधल्या वेळात काम उरकायचं.

मी पहिल्या मशीनवर हात घातला...

आणि खोलीतला आवाज बदलला.

सर्व्हर रूममध्ये काम करणाऱ्याला कळेल मी काय म्हणतेय ते. तिथे कायम घरघर असते. पंख्यांची, एसीची. काही दिवसांनी ती ऐकूच येत नाही. कमी झाली तरच कळतं.

ती कमी झाली.

एकेक पंखा मंदावत गेला. लाईट चालू होते, मशीन चालू होत्या. आवाज तेवढा नाही.

त्या शांततेत... पाठीमागे पाणी ठिबकत होतं.

टप्... टप्...

वाटलं, एसी गळतोय. उठून बघितलं. एसी कोरडा होता.

परत खुर्चीत बसले. समोर स्क्रीनवर व्हर्च्युअल मशीनची यादी होती. सगळ्यांची नावं मीच लावलेली. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर...

आणि सगळ्यात खाली एक नाव होतं. तेजपूर. चालू.

मी ते बनवलेलं नव्हतं.

आधी घाबरले नाही, खरं सांगते. आमच्या धंद्यात असं होतं. एखादा जुना आपोआप चालणारा प्रोग्रॅम कुठेतरी पडून असतो, वेळ झाली की मशीन उभं करतो. सरांनी लिहिलेले तसले प्रोग्रॅम ढीगभर होते. मी ते मशीन बंद केलं.

यादीतून नाव गेलं.

श्वास घेतला.

नाव परत आलं...

मग मी सगळे प्रोग्रॅम शोधले. कशातच तेजपूरचा उल्लेख नव्हता. हे व्हर्च्युअल मशीन कुठल्या सर्व्हरच्या पोटात चालतंय ते बघितलं. प्रत्येक मशीनपुढे त्याच्या सर्व्हरचं नाव असतंच, त्याशिवाय ते चालूच शकत नाही.

तिथे रिकामं होतं.

शेवटी कोणी लॉगिन केलंय ते काढलं. खातं वीरधवल. मी स्वतःच्या हाताने पुसलेलं. आणि लॉगिन बाहेरून नाही, फोनवरून नाही... याच खोलीतल्या कीबोर्डवरून.

त्या कीबोर्डवर माझे हात होते.

मी झटकन हात काढले. तोंडातून आपोआप णमोकार मंत्र सुरू झाला.

तेवढ्यात नाकाला वास आला. पुरानंतर घराघरातून येतो ना, गाळाचा, कुजका, तो. रॅकच्या तळाशी बघितलं. तेजपूरवर हिरवा दिवा लागला होता.

वायर नाही. डिस्क नाही. दिवा लागलेला.

मी त्याच्या पत्र्याला बोट लावलं. चटका बसला. तासन् तास राबलेल्या मशीनसारखं गरम होतं ते. आणि पुढच्या जाळीतून गढूळ पाणी गळत होतं.

पळतच बाहेर आले. जिन्यात आमचे वॉचमन धुळामामा बसले होते. माझं तोंड बघून म्हणाले, "सर आल्यात व्हय?"

"कोण सर, मामा?"

"आमचं वीरधवल सर. दुपारचं येत्यात कवा कवा. बुटांत पाणी भरल्यागत आवाज येतोय, पचाक पचाक. मी उठून सलाम करतो. काय न्हाई करत पोरी ते. कामाला आल्यात."

कामाला आल्यात... हे ते अगदी सहज म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी राजवर्धन साहेबांना सगळं सांगितलं. ते हसले. "शिकलेली मुलगी तू! चल, मीच बंद करतो."

जेवणाच्या सुट्टीनंतर ते खोलीत आले. धुळामामा दारात उभे होते, मी रॅकपाशी. साहेब खुर्चीत बसले, बाह्या सरसावल्या. "सांग, कुठलं बटण?"

पंखे मंदावले. एकामागून एक.

आणि भिंतीवरचा इंटरकॉम वाजला.

त्याच्या छोट्या पडद्यावर नाव असतं, फोन कुठून आलाय त्याचं. मी वाचलं. साहेबांनीही वाचलं.

खालची सर्व्हर रूम.

खाली आता सर्व्हर रूम नाही. बारदान ठेवतात तिथे. फोन पुरात वाहून गेला, वायरही तोडलेली आहे.

साहेबांनी उचलला. सवयीनेच उचलला असावा.

"हॅलो... हं. बोल."

पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. नुसता पाण्याचा आवाज येत होता, बादली भरत आल्यावर येतो तसा.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. पण आवाज... आवाज वेगळाच होता. निवांत, जरा कंटाळलेला. त्यांचे डोळे आणि त्यांचा आवाज जणू दोन वेगळ्या माणसांचे होते.

"वर आले ना सगळे? ... मग एक राहिलाय की. ... पाणी काय, गुडघ्याएवढं तर आहे. ... ते मला सांगू नकोस. तो घेतल्याशिवाय वर येऊ नकोस."

फोन हातातून सुटला आणि वायरीवर लोंबकळत राहिला.



मग दारातून धुळामामा हळूच म्हणाले, "सायेब... त्या दिशीबी हेच बोललासा तुमी. शब्दाला शब्द. मी जिन्यात हुतो."

"तू काही ऐकलं नाहीस," साहेब म्हणाले. "काही ऐकलं नाहीस. कळलं?"

तुम्हाला वाटत असेल, साहेबांचं पुढे काहीतरी वाईट झालं असेल. गोष्टीत होतं तसं.

काही झालं नाही.

साताऱ्याकडे संघाचा नवा प्रकल्प निघाला, त्याचे ते प्रमुख झाले. धुळामामांची ड्युटी मात्र पुढच्याच महिन्यात बंद झाली. सरांच्या मृत्यूची चौकशी केलेल्या लोकांना मी जे ऐकलं ते सांगितलं. त्यांनी विचारलं, फोन कुठून आला होता? मी म्हणाले, खालच्या सर्व्हर रूममधून. माझ्याकडे बघून ते एकमेकांत हसले.

आणि मशीन? त्या पुसायला परत कुणी तयार झालं नाही. मोठ्या कंपनीचा बेत बारगळला. संघाने सभेत सांगितलं, आपल्या स्वस्त आणि मस्त यंत्रणेला बदलायची गरजच नाही, ती एक दिवसही बंद पडत नाही.

टाळ्या पडल्या.

मला राहवलं नाही. मी कुंडलला गेले. सरांच्या पत्नी, रेश्मावहिनी, गोठ्यात शेण काढत होत्या. मी जे घडलं ते सांगितलं. त्या रडल्या नाहीत. हात धुतले आणि म्हणाल्या, "मला घिऊन चल तितं."

उन्हं कलता कलता आम्ही सर्व्हर रूममध्ये होतो. पहिल्यांदाच आल्या होत्या त्या तिथे. इकडेतिकडे बघितलं, थंडीने पदर घट्ट ओढून घेतला. मी रॅकच्या तळाशी बोट दाखवलं. त्या खाली बसल्या. पत्र्यावर हात ठेवला, पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"आवं," त्या म्हणाल्या. "झालं की आता. चला घरला."

पंखे मंदावले...

या वेळी पार थांबले. एसीसुद्धा. तेजपूरचा दिवा मिणमिणायला लागला.

"म्या न्यायला आलीया. चला."

दिवा विझला.

मला वाटलं, सुटले. खरंच वाटलं मला, सुटले सर.

तेवढ्यात खाली फाटकातून संध्याकाळचा पहिला टँकर आत आला. हॉर्न वाजला.

खोलीतले सगळे पंखे एकदम घोंगावले. स्क्रीनवर गावं यायला लागली. पलूस, कुंडल, आष्टा... लिटर, फॅट, लिटर, फॅट. आणि वहिनींच्या हाताखाली हिरवा दिवा परत लागला.

त्या बराच वेळ तशाच बसून राहिल्या. मग हात काढून घेतला. तळवा लाल झाला होता.

"जित्तेपणीबी असंच," त्या म्हणाल्या. "संघाचा फोन आला की भरल्या ताटावरनं उठायचं. म्या म्हणायची, मागं सरा एकदा तरी. न्हाई सरलं."

मी त्यांना स्टँडवर सोडलं.

मी ती नोकरी सोडली. आता साताऱ्यात एका वेगळ्याच कंपनीत काम करते. अजूनही सर्व्हर रूममध्ये शिरले की आधी दारातच थांबून पंख्यांचा आवाज ऐकते. हे सगळं काय होतं, मला सांगता येत नाही.

मध्यंतरी वहिनींना फोन केला होता. सहज विचारलं, म्हशी कशा आहेत?

"इकल्या," त्या म्हणाल्या.

"का हो?"



"आमचं दूध संघालाच जायचं गं. माप कोण घेतंय तितं? म्हटलं, माझ्यापायी तरी त्यास्नी काम नगं."

मी फोन ठेवला.

बाकी सगळ्या गावांचं दूध अजून रोज जातं. सकाळी एकदा... संध्याकाळी एकदा...