वाडीच्या विहिरीचं पाणी

लाइट यायला वेळ आहे, तर बसा गच्चीवरच. पण मधेच मोबाइल पेटवायचा नाही, आणि 'काका, हे खरं का' असंही विचारायचं नाही. भिमाबाई अजून आपल्या कात्रपमध्येच राहतात. ज्याला शंका असेल त्यानं जाऊन त्यांना विचारावं.

तर भिमाबाईंचा मुलगा महेंद्र. अंबरनाथच्या एमआयडीसीत पाणी-रसायनं तपासणाऱ्या एका खाजगी लॅबमध्ये कामाला होता. घर बौद्ध, भूतबीत मानणारं नाही, आणि हा तर शिकलासवरलेला. साल २००६, कार्तिकातली सोमवती अमावस्या. दिवेलागणीला बारवी धरणाकडच्या एका वाडीतला सुकऱ्या लॅबच्या दारात आला. हातात कोल्ड्रिंकची बाटली, आत विहिरीचं पाणी.

"सायेब, आमचे हिरीजवल रातचे कंपनीचे टँकर वततान," तो म्हणाला. "माझी बायको पुतळी, पानी भरताभरता काठावंच पडली. गेली ती. आता पोरगी पन ओकतेय, रोहिणी. वाडीनं हीर बंद केलीय. तुमी पानी चांगला हाय बोललं, तं उघडू."

"उद्या सकाळी ये. बघून सांगतो," महेंद्र म्हणाला.

सुकऱ्या गेला आणि थोड्या वेळानं राजेंद्र साहेबांचा फोन. लॅबचे मालक ते. "महेंद्र, तो टँकरवाला आपल्याला काम देणाऱ्या मोठ्या पार्टीचा माणूस आहे. फालतू लफडा नको. ब्लँक लाव, 'काही आढळलं नाही' म्हणून रिपोर्ट दे आणि मोकळा हो."

आता ब्लँक म्हणजे काय ते ऐका, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. लॅबमध्ये पाण्यात काय मिसळलंय ते ओळखणारं एक मशीन असतं. त्याला नमुना देण्याआधी एक बारकी बाटली नुसत्या शुद्ध सॉल्व्हंटची, म्हणजे विरघळवायच्या द्रवाची, द्यायची, आत मागचं काही चिकटून राहिलं नाही ना ते बघायला. टोपीच्या रबरातून सुई शिरते, थेंबभर ओढते आणि मशीनला टोचते. आत त्याची वाफ होते. पुढे एक बारीक तार तापून लाल झालेली असते, तिच्यातून उडणारे विजेचे कण त्या वाफेला फोडतात. आणि प्रत्येक पदार्थ आपल्याच तऱ्हेनं फुटतो. फुटक्या बांगडीची काच बघून बाया सांगतात ना, ही अमकीच्या हातातली, तसं हे मशीन तुकडे तोलून पदार्थ ओळखतं. ब्लँक असेल तर फोडायला काही नसतं. पडद्यावर सरळ रेघ; काही सापडलं तरच ती उठते.

महेंद्रची बायको शीला तेव्हा पोटुशी होती. हातची नोकरी गेली तर खाणार काय? त्यानं सुकऱ्याची बाटली बेसिनमध्ये ओतली आणि वर नळ सोडला. मग बारक्या बाटलीत नुसतं सॉल्व्हंट भरलं, टोपी आवळून बसवली, वर सुकऱ्याचं नाव चिकटवलं. लाज वाटली त्याला. पण पोटापुढे लाज किती टिकणार?

मशीन सुरू झालं. लॅबमध्ये हा एकटाच. पंपाची घरघर तेवढी चालू.

रेघ सरळ चालली होती. आणि मधेच उठली.

सुई खराब असेल म्हणून त्यानं सुई धुतली. सॉल्व्हंटचा नवा डबा फोडला, नवी बाटली भरली, पहिलीच्या शेजारी लावली. रेघ त्याच जागी उठली. पहिल्यापेक्षा उंच.

मग त्यानं तारच बंद केली. तार बंद म्हणजे फोडणारंच कोणी नाही. काहीही घाला, रेघ हलता कामा नये.

रेघ उठली.

महेंद्रनं तारेचं बटण पुन्हा बघितलं. बंदच होतं. तेवढ्यात मागे, बेसिनकडून, आवाज आला. किण्...

नळ बंद होता.

पुन्हा. किण्... किण्... विहिरीवर दोर ओढताना बाईच्या हातात वाजतं, तसं.

"कोण आहे?"

...

रेघ चढत होती. पडद्याच्या वरच्या कडेला टेकली. आवाज जवळ आला. अगदी खुर्चीमागे.

वळायची छाती झाली नाही त्याची. पडद्याकडे बघतच म्हणाला, "नाही देत खोटा रिपोर्ट. सांगतो त्यांना... विहीर उघडू नका म्हणून."

...

रेघ खाली आली. सरळ झाली.

सकाळी सुकऱ्या दारात यायचा अवकाश, महेंद्रनं त्याला रिक्षात घातलं. आधी रोहिणीला दवाखान्यात पोचवलं. मग स्वतःच्या हातानं विहिरीतून पाणी काढून आणलं आणि मशीनला लावलं. रात्री ब्लँकमध्ये उठली होती त्याच जागी रेघ उठली, तुकड्याला तुकडा जुळला. वाडीनं विहीर कायमची बुजवली. पोरगी वाचली. महेंद्रची नोकरी अर्थातच गेली. आता उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, पण झोप शांत लागते म्हणतो.

एकच गोष्ट राहिली. सुकऱ्याच्या नावाची ती पहिली बाटली. मशीनमधून काढली तेव्हा टोपी होती तशीच आवळलेली. आणि आत, सॉल्व्हंटमध्ये बुडालेला, हिरव्या बांगडीचा तुकडा. बाटलीचं तोंड एवढं अरुंद की पेन्सिल जायची नाही, आणि तुकडा चांगला बोटभर रुंद.

महेंद्रनं ती सुकऱ्यापुढे धरली. त्यानं हातात घेतली नाही. खाली बसला.

"तिचीच," एवढंच म्हणाला.

बाटली भिमाबाईंच्या कपाटात आहे. मी पाहिली आहे. टोपी अजून कुणी उघडलेली नाही.