खिडकीतला कप

हात धुवायचे ते किती धुवावेत माणसाने! धाकटी नळाखाली कोपरापर्यंत साबण चोळत उभी होती आणि पलंगावरच्या थोरल्या जावेच्या मनात आलं, आता कसले धुतेस? तीस वर्षं त्याच हातांनी परक्यांच्या वांत्या पुसल्यास, गू-मूत काढलंस... ते काय साबणाने जातं? वर इंजेक्शनांचा डबा ठेवला होता तो थेट फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याला चिकटून. शी!

"पोटाची चिमूट धरते हं, जाऊबाई. टोचेल जरा."

"टोच आणि तोंड तिकडे कर. श्वास लागतो तुझा."

धाकटी नर्स होती, गेल्याच वर्षी निवृत्त झालेली. थोरलीला लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, होता. औषधांनी एकदा गेला आणि दुप्पट जोमाने परतला. आता एकच वाट उरली होती. हाडांच्या मज्जेत रक्ताला जन्म देणाऱ्या मूळ पेशी असतात. इंजेक्शनं देऊन त्यांना रक्तात आणायचं, यंत्राने वेचून गोठवून ठेवायचं, मग जहाल औषधाने रोग जाळायचा आणि त्याच पेशी परत अंगात सोडायच्या. त्या बाहेर आल्या नाहीत तर सगळं तिथेच संपलं! रोज सकाळी ठरल्या वेळी सुई. थोरलीचा मुलगा चाळिशीला टेकलेला, पण सुई दिसली की बाल्कनीत पळायचा. मग धाकटी आली... न बोलावता!

हेच तर थोरलीला सोसवत नव्हतं. लग्नानंतर आठव्या दिवशी जिला तिने बजावलं होतं, "दवाखान्यातल्या त्या हातांनी माझ्या ओट्याशी फिरकायचं नाही. तुझा कप वेगळा, तो खिडकीत राहील," तीच आता तिच्या उघड्या पोटाला हात लावत होती. बारा वर्षं तो निळ्या काठाचा कप खिडकीत होता. दिराने वेगळं बिऱ्हाड केल्यावर तो कुठे गेला, हे थोरलीने कधी विचारलंही नाही.

चौथ्या दिवशी कंबर आणि छातीचं हाड असं ठणकू लागलं, की आतून कुणी हातोडा मारतंय! आणि एवढं सोसून डॉक्टर म्हणाले, "रक्ताच्या सूक्ष्म थेंबात निदान वीस मूळ पेशी हव्यात, सहाच दिसतायत. आधीच्या औषधांनी मज्जा थकलीय."

"पेशी थकल्यात कसल्या," धाकटी दवाखान्याच्या व्हरांड्यात तिच्या कानाशी पुटपुटली, "मालकिणीवर गेल्यात. घराबाहेर पडायचं नाव नाही."

थोरलीला हसू फुटणार होतं. ते तिने रागाने गिळलं. त्या संध्याकाळी आणखी एक इंजेक्शन दिलं, पेशींची मज्जेतली पकड सोडवणारं. आणि सकाळी आकडा चढला!

दोन्ही हातांत जाड सुया. एका हातातून रक्त यंत्रात जायचं, गरगर फिरायचं, पेशी मागे ठेवून दुसऱ्या हातातून परत यायचं. पाच तास हात वाकवायचा नाही. ओठांना मुंग्या आल्या, तर धाकटीने कॅल्शियमची गोळी जिभेवर ठेवली. नाक खाजलं, तर तेही तिनेच खाजवलं. आणि तिसऱ्या तासाला... थोरलीने डोळे गच्च मिटले. कुणाला सांगणार?

"लागलीय ना?" धाकटी हळूच म्हणाली. तिने पडदा ओढला, भांडं सरकवलं, नंतर कोमट पाण्याने पुसून घेतलं. नाक मुरडलं नाही, की चेहऱ्यावर उपकार नाही. थोरलीच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानात ओघळलं. तेही पुसलं गेलं.

दुपार कलल्यावर निरोप आला : पुरेशा मिळाल्या!

धाकटीने थर्मास उघडला, पिशवीतून दोन कप काढले. एक नवाकोरा, झाकणाचा. दुसरा... निळ्या काठाचा, कान तुटलेला!

"हा अजून...?"

"सवय झालीय. दुसऱ्या कपात चहा लागतच नाही मला." तिने नवा कप पुढे केला. "हा तुमचा. पुढचे काही महिने तुमचं भांडं वेगळं, कुणाचं उष्टं चालायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी रोज उकळून ठेवीन."

थोरलीने त्या आवाजात टोमणा शोधला... कणभरही सापडेना! आणि तिला किळस दाटून आली. पण ही किळस धाकटीची नव्हती. आयुष्यभर जी घाण तिने दुसऱ्याच्या हातांत हुडकली, ती सगळी तिच्याच अंतःकरणात साठून आंबली होती!

"चूक तुझी आहे, धाकटे!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली, की दारातली नर्स दचकली. "आठव्या दिवशीच हा कप माझ्या पायांशी आपटायला हवा होतास तू! गप्प बसून मला सडू दिलंस... आता घरी गेलो की फोड. माझ्या ओट्यापाशी, माझ्या डोळ्यांदेखत. आणि तुकडे मी वेचणार... हाडं कितीही ठणकू देत, एकूण एक तुकडा मीच वेचणार!"